उतारावरचा नंबर
माझी बायकू वारली, त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघं ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. रस्त्यानं पोरांची बेरिंगच्या चाकांची गाडी खडखडत गेली आन् ती हसली. दुष्काळात तलावाच्या कामावर आम्ही माती वाहायचो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत पोरं भरावावरून असल्याच गाड्यांवर घसरायची. खालचा उठून बाजूला झाल्याबिगर वरचा सुटायचा न्हाय. ही नवी नवरी, पण हिलाही बसायचं होतं. पोरं म्हणाली, "वैनी, तुमी आधी बसा." ही म्हणाली, "मुकादमाची बायकू हाय का म्या? नंबरानंच बसंन." नंबर आला आन् कामाची शिट्टी वाजली. सांजेपर्यंत तोंड पाडून घमेली उचलली बयेनं. दुसऱ्या दिवशी सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, मी पोरांच्या रांगेत तिचा नंबर लावून उभा राहिलो. पोरं फिदीफिदी हसली. मी हललो न्हाय.