लोणारच्या पायऱ्या, उलट्या पावलांनी

मामांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात खुर्चीला चिकटून बसले होते. "गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं," ते म्हणाले. "त्याच्या आधी एक बार लोणारले नेशील का मले?" ऑपरेशननंतर उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामा सुलतानपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दर हिवाळ्यात पोरं घेऊन विवरात उतरायचे आणि पाण्याकाठी उकिडवं बसून उत्क्रांती सांगायचे. त्यांना तिथे शेवटचं तसं बसायचं होतं. एवढ्यासाठी नाही म्हणणारी मी कोण? रजा टाकली आणि पुण्याहून रात्रीची गाडी पकडली.

सकाळी चिखलीला उतरले. तिथून मामांच्या गावी, उंद्रीला, काळीपिवळी जीप मिळते. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घड्याळ पिशवीत टाका. मागच्या फळीवर बसू नका, माझं ऐका. मी बसले आणि माकडहाड चांगलंच ठणकलं. मामांना सांगितलं तर खूश झाले. शेपूट गेलं, बुडखा तेवढा राहिला, म्हणाले. मग भाकरी आणि वांग्याच्या भरतावर त्यांनी पाठीच्या मणक्याचा धडाच घेतला. चार पायांवर चालणाऱ्याचं शरीर आपण उभं केलं, म्हणून कंबर नि गुडघे कुरकुरतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने चिखली, मेहकर, सुलतानपूर करत लोणार गाठलं. सकाळीच जा, टोपी आणि पाणी घ्या, चप्पल नको, बूट घाला. काठावरून खाली बघितलं. केवढा तो खड्डा, आणि तळाशी हिरवट पाणी! इतक्या खाऱ्या पाण्यात मासे जगत नाहीत, पण जिवाणू मजेत नांदतात, मामा सांगत होते.

पण सातव्या पायरीवर मामा थांबले. उतरताना गुडघ्यात कळ जात होती. मी काठी दिली, खांदा दिला, काही उपयोग नाही. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, चल परत. त्यांचा चेहरा बघून मला रडूच आलं.

वर जाम (आपले पेरू हो!) विकणाऱ्या बाई हे बघत होत्या. सुलतानपूरच्या, मामांच्याच विद्यार्थिनी. जयभीम घालून त्या खाली आल्या.

"गुरुजी, सरळ काऊन उतरून राह्यले? वावरातल्या माळ्यावरून कसे उतरता? तोंड शिडीकडे करून ना?"

मामा काठी टेकत उठले. मग वळले, कठडा धरला आणि उलट्या पावलांनी एक पायरी उतरले. मग दुसरी. कळ कमी होती.

"तीस वर्षं पोराईले शिकवलं, माणूस झाडावरून उतरला म्हणून," ते हसत म्हणाले. "कसा उतरला, हे काई माह्या डोक्यात आलं नाही."

वानरं झाडावरून आमची वरात बघत होती. तळाला पोचायला दीड तास लागला. तिथे मामा माझा हात धरून हळूहळू उकिडवे बसले, पाण्याकडे बघत, दोनच मिनिटं. मीही शेजारी बसले आणि सोबत आलेल्या बाईंनी फोटो काढला. वर चढणं त्या मानाने सोपं गेलं, आणि वर पोचल्यावर तिखटमीठ लावलेले चार जाम मी एकटीने संपवले.

पुण्यात येऊन फोटो नीट पाहिला. मामांच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या. माझ्या अधांतरी. चौतिसाव्या वर्षी, धडधाकट गुडघे असून! आपल्या पूर्वजांचं बसणंच होतं ते, आणि मी ते खुर्चीवर घालवून बसले.

आता रोज सकाळी ओट्याची कड धरून उकिडवी बसते. मामांचं ऑपरेशन नीट पार पडलं. ते आता खुर्चीवरच बसतात. दर रविवारी फोन करतात, आणि मी त्यांच्या गुडघ्याचं विचारायच्या आधीच त्यांचा प्रश्न येतो.

"टाच टेकली का, पोरी?"