हलगी माझी, गोष्ट बँजोवालीची

आमची सून दर शनिवारी एका म्हाताऱ्या जर्मन बाईकडे जाते. मलाही बरोबर नेते, मी घरी एकटी बसलेली तिला बघवत नाही म्हणून. ही बाई तरुणपणी बँजो वाजवायची. अमेरिकेच्या डोंगराळ भागात गिटार, फिडल आणि बँजो घेऊन झपाट्यानं गातात, त्या गाण्याला ब्लूग्रास म्हणतात. इथे येना शहरात ते पहिल्यांदा वाजवणाऱ्यांत ही होती. तेव्हा हा भाग पूर्व जर्मनीत होता, दुकानात बँजो मिळायचा नाही. मग रेडिओवर ऐकून ऐकून हे लोक शिकले, आणि हिनं जुन्या ढोलाचं कातडं लावून आपला बँजो घरीच केला. तिच्या बरोबरीचे सगळे वारले. म्हणून तिच्या आठवणी जपायच्या आणि त्यांवर मराठीत कादंबरी लिहायची, असं सुनेनं मनावर घेतलं आहे.

टेबलावर फोन ठेवून ती सगळं बोलणं साठवून घेते. मधूनमधून मला मराठीत सांगते. म्हातारी थांबली की सून पुढे वाकून विचारते, "आणि मग?" असं विचारते की कुणालाही बोलावंसं वाटेल. मला घरात ती विचारते, "आई, डाळ भिजवली का?"

मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, केक खाते आणि जळते. बाई चांगली आहे. मला दोन वेळा कॉफी विचारते, माझ्या साडीला हात लावून काहीतरी छान म्हणते. तरी मला ती नकोशी वाटते. माझ्या सुनेला तिचा कुठला गुडघा दुखतो ते ठाऊक आहे. माझा कुठला, ते विचारून बघा.

माझे वडील हलगी वाजवायचे. आसपासच्या गावांत लग्न असलं की बोलावणं त्यांनाच. पण त्यांच्यापुढे कुणी फोन ठेवला नाही, आणि आता ते नाहीत.

एकदा म्हातारीनं सांगितलं की दमट हवेत बँजोचं कातडं सैल पडायचं, आवाज बसायचा. त्या संध्याकाळी लसूण सोलता सोलता मी सुनेला म्हटलं, हलगीचंही तसंच असतं. वरात कुठे थांबली की मी आडोशाला उसाचं पाचट पेटवायची आणि हलगी शेकायची. लांब धरली तर उपयोग नाही. जास्त जवळ गेली तर कातडं फाटणार, आणि ऐन लग्नसराईत वडील घरी बसणार. मी लहान होते, पण हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. सून म्हणाली, "हो का?" आणि तिनं कुकर बंद केला.

मला वाटलं, ऐकलंच नाही तिनं.

मग तिनं कादंबरीचं एक प्रकरण छापून माझ्या हातात दिलं. "आई, तुम्ही वाचा. तुम्हाला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल." माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी सावकाश वाचते, पण वाचते. त्यात एक तरुण मुलगी होती, पावसाळी दिवस होता, कार्यक्रम तोंडावर आला होता. तिनं तंबूमागे गवत पेटवलं आणि बँजो शेकायला धरला. आता फाटेल का मग फाटेल, अशी तिची भीती. वाचताना माझ्या नाकात धूर गेला. मला एवढं चांगलं सांगता आलं नव्हतं, हेही टोचलं.

पुढच्या शनिवारी सुनेनं ते प्रकरण जर्मनमध्ये करून म्हातारीला वाचून दाखवलं. आता ही म्हणेल, असं काही झालं नव्हतं. मी वाट बघत होते. म्हातारीनं डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाली, "गेनाऊ! गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला नाइन, म्हणजे नाही, म्हणता येतं, पण तोंड उघडलं नाही.

परत येताना ट्राममध्ये सून म्हणाली, "आई, गप्पशा?"

"ते माझं आहे."

"काय?"

"ती आग. हलगी शेकायची. तिनं कुठे शेकली?"

"अहो आई, कादंबरी आहे. थोडं इकडचं तिकडे होतंच. आणि इतकं भारी होतं ते तुमचं!"

"तिला तर खरंच वाटलं."

ती माझ्याकडे वळली. "काढू का मग?"

"काढ."

मी असं तोडून कधी बोलत नाही. तिनं चमकून बघितलं. "बरं. तुमच्या वडिलांवर मी वेगळं लिहीन ना."

"कधी?"

"हे झालं की."

"म्हणजे मी तिच्याएवढी म्हातारी झाल्यावर."

तिला हसू आलं, मला नाही. पण तिनं शब्द पाळला. घरी गेल्यावर माझ्यासमोर तेवढा मजकूर खोडून टाकला. जेवण होईपर्यंत मला फार बरं वाटलं.

या शनिवारी म्हातारीची भाची आली होती. म्हातारी तिला काहीतरी रंगवून सांगत होती. बोलता बोलता तिनं गुडघ्यावर नसलेला बँजो धरला आणि दुसरा हात पुढे करून नसलेल्या आगीची ऊब बघितली.

सून माझ्या कानाशी आली. "मी काढलंय हो, आई. पण त्यांना आता ते आठवतं."

आता तिच्या डोक्यातून कोण खोडणार? मी बसून बघत होते. तिचा तळहात आगीकडे होता. चुकीचा. काम करणाऱ्याचा तळहात राठ असतो, त्याला ऊब उशिरा कळते, तोवर हलगीचं कातडं गेलेलं असतं. वडिलांनी मला पहिलं तेच शिकवलं होतं. मला राहवलं नाही. उठले, तिचा हात धरला आणि उलटा केला.

"नाइन," मी म्हटलं. "असा."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे, आणि हात तसाच ठेवून पुढे सांगायला लागली.

सुनेनं विचारलं, "उलटा का, आई?" फोन तिच्या हातात होता.

"घरी सांगते," मी म्हटलं. तिथे सांगितलं असतं तर म्हातारीनं तेही घेतलं असतं.