दुधीच्या वहीतला कोरा रकाना

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला माझी बागेची वही दाखवली. तेव्हा धाकटीनं विचारलं, "आजी, शेवटच्या रकान्यात 'कोणाला' असं का लिहिलंय? कुणाला काय दिलं तेसुद्धा तू लिहून ठेवतेस?" आणि तुम्ही दोघंही हसलात. मी विषय बदलला. आजोबा शेजारीच बसले होते, आणि ती गोष्ट घाईत सांगण्यासारखी नव्हती. आता सांगते.

आपल्या टिळकवाडीच्या घरामागची जागा केवढी, तर दोन खोल्यांएवढी. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला शेजारच्या बंगल्याची भिंत. बागेच्या पहिल्या दोन वह्या मी इंग्रजीत लिहिल्या, कारण जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे हात तिकडेच वळायचा. आज त्या वाचवत नाहीत. 'झेंडूवर आज ऊन फार सुरेख पडलं होतं' असली वाक्यं पानोपानी. पण एका पावसाळ्यात मिरचीची सगळी रोपं बसली आणि मागच्या वर्षी त्याच वाफ्यात काय होतं ते शोधायला गेले, तर त्याचा पत्ता नाही. तिसरी वही मराठीत सुरू केली, म्हणजे मी नसताना आजोबांनाही वाचता यावी. पहिल्या पानावर वाफ्यांचा नकाशा, आणि मग रकाने: बी कुठलं, कुठे लावलं, कधी पेरलं, कधी उगवलं, कीड, पहिलं फळ, चव. पुढच्या वर्षी जे विचारावं लागेल तेवढंच लिहायचं, असा नियम केला.

'चव' हा रकाना आपल्या डॉक्टरांमुळे आला. दुधी कडू निघाला तर टाकून द्या, त्याचा रस तर चुकूनही पिऊ नका, विषासारखा बाधतो, असं त्यांनी मला एकदा बजावलं होतं. तेव्हापासून प्रत्येक वेलाचा पहिला दुधी मी चिरते, एक फोड जिभेवर ठेवते, आणि मगच विळी पुढे चालते.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय द्यावं याचा विचार करत होते. प्लास्टिकचे डबे घरोघरी साठलेले. म्हटलं, आपल्या दुधीचं बी देऊ. आदल्या वर्षी दोन वेल होते, एक विहिरीकडे आणि एक भिंतीकडे. दोन्हींचे दुधी लोण्यासारखे, वहीत दोन्हींपुढे 'गोड' लिहिलेलं. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या एकवीस पुड्या बांधल्या. विहिरीकडच्या बारा, भिंतीकडच्या नऊ. तेवढं वहीत आहे. पण पुड्या सगळ्या एकाच ताटात ठेवल्या, आणि कुणाच्या ओटीत कुठली गेली ते मी लिहिलं नाही.

लिहिण्याची सवय असलेल्या बाईनं ते का लिहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. माझ्या सासूबाई सांगायच्या, वाण दिलं की विसरायचं, ते लिहून ठेवलं तर दिल्यासारखं होत नाही. त्यांच्या बऱ्याच गोष्टी मी ऐकल्या नाहीत. ही ऐकली.

आलेल्या बायकांत वडगावची आक्का होती. माझ्या साड्या गेली वीस वर्षं तिच्याच घरच्या मागावरच्या. नवरा-बायको दोघं मिळून दोन यंत्रमाग चालवतात. एप्रिल संपता संपता तिचा फोन आला.

"बाई, तुमचा दुधी लागला की! पत्र्यावर चढलाय. लई ग्वाड दिसतोय."

"दिसतोय गोड म्हणजे काय गं?"

"म्हंजे देखणा ओ. आमच्या मालकांस्नी बीपी निघालंय न्हवं? कुणीतरी सांगितलंय, रोज सकाळी दुधीचा रस घ्या. आता इकत कशाला आणू? सोमवारी पहिला काढते."

वहीत दोन्ही वेलांपुढे 'गोड' होतं, म्हणून 'आधी चाखून बघ' असं सांगायचं मला सुचलं नाही. मी फोन ठेवला आणि सवयीनं वहीच्या समासात लिहिलं: 'वडगाव, आक्का. दुधी लागला. सोमवारी पहिला काढणार, रसासाठी.'

सोमवारी सकाळी माझ्याकडचाही पहिला दुधी काढण्याजोगा झाला होता. चिरला आणि फोड जिभेवर ठेवली. कडू म्हणजे किती, तर तोंड तीनदा धुतलं तरी घशाशी ते तसंच. कारलं त्यापुढे काहीच नाही. वही उघडली. 'बी कुठलं' या रकान्यात होतं: भिंतीकडचा वेल, मागचं वर्ष. म्हणजे त्या नऊ पुड्यांत बांधलं तेच बी. आणि मग समासातली ती ओळ दिसली. सोमवार.

घड्याळात सव्वासात झाले होते. आक्काला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेव्हा लक्षात आलं की वीज असली तर सहालाच तिचे माग सुरू होतात, आणि माग चालू असताना त्या घरात शेजारी बोललेलंही ऐकू येत नाही.

"स्कूटर काढा," मी आजोबांना म्हटलं.

"अगं, एखादा दुधी निघतो कडू. तिची पुडी चांगलीही असेल."

"नसेलही. माझ्याकडे लिहिलेलं नाही."

एवढं ऐकून त्यांनी चहा तसाच ठेवला. मी वही आणि उरलेला अर्धा दुधी पिशवीत घातला. शहापुरात भाजीच्या हातगाड्या रस्त्यावर आलेल्या, त्यात एक दुधाची गाडी आडवी. आजोबा जन्मात कधी हॉर्न वाजवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी तो सोडलाच नाही. मी मागे बसून पुन्हा पुन्हा फोन लावत होते आणि मनात हिशेब चालला होता की नऊ आणि बारा, म्हणजे वाचण्याची शक्यता जास्त आहे. असल्या हिशेबानं धीर येत नाही हे मला तेव्हा कळलं.

आक्काच्या दारात दोन्ही मागांचा खडखडाट. आत ती धाग्याची कांडी बदलत होती. मी हातवारे केले तेव्हा तिनं बटण बंद केलं आणि घर एकदम गप्प झालं. तिचे मालक दुसऱ्या मागापाशी स्टुलावर बसले होते. शेजारी खिडकीत स्टीलचा पेला, तळाला हिरवट फेस.

"रस घेतलात?" मी विचारलं.

"घेतला की," ते म्हणाले. "आर्धा ग्लास. कडू जहर हो बाई. पण म्हटलं, औषध कडूच असतंय. नाक दाबून प्यालो."

"कधी?"

"आत्ताच की. आर्धा तास झाला आसंल."

"दवाखान्यात चला. आत्ता."

ते हसले. "दुधीनं माणूस मरतंय व्हय? काय न्हाय हुईत. ही साडी आज उतरवायची हाय."

आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं नवऱ्याच्या हातातला मागाचा धोटा काढून घेतला. "साडी र्‍हाऊ दे. उठा. बाई स्कूटरवर बसून उगंच आल्या व्हय?"

रिक्षात ते दवाखान्यापर्यंत बडबडत होते की बायकांनी मिळून एका धडधाकट माणसाला रोगी केलं. दवाखान्याच्या पायरीवर त्यांना पहिली उलटी झाली. दुसरी आत पोचताच झाली, आणि तिच्यात रक्त होतं. मग त्यांचं बोलणं थांबलं. रक्तदाब औषधाशिवायच खाली आला, आणि खालीच जाऊ लागला.

तरुण डॉक्टरीण बाहेर आली. "काय खाल्लं, किती, किती वाजता?" आक्काला काही आठवेना. मी पिशवीतून दुधी काढून दाखवला, रसाचं माप सांगितलं, आणि वेळ रिक्षातच वहीत टिपलेली होती ती वाचली. ती ऐकून आत गेली. दार लागलं. आक्का, मी आणि स्कूटरवरून मागोमाग आलेले आजोबा, आम्ही तिघं बाकावर बसलो.

थोड्या वेळानं आक्का म्हणाली, "तुम्ही आला म्हणून, बाई. न्हायतर उद्या दुसरा ग्लास दिला असता मी. माझ्याच हातानं."

मी तेव्हा गप्प राहिले असते तरी चाललं असतं. आजोबांनी माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली, आत्ता नको म्हणून. पण पुढे कधी सांगितलं असतं?

"आक्का, ते बी माझंच कडू होतं. आज सकाळी माझ्याही वेलाचा दुधी तसाच निघाला."

आतून बाटल्यांचा आवाज येत होता. मग माझ्या मांडीवरच्या वहीवर तिनं बोट ठेवलं.

"ह्यात न्हाय व्हय लिवलं? कुठलं बी कुणाला दिलं?"

"वाण लिहून ठेवत नाहीत म्हणून..."

"कोण म्हणालं?"

"सासूबाई म्हणायच्या."

"एका ताण्याच्या उभ्या धाग्यांवर बऱ्याच साड्या निघत्यात. आमच्यात कुठल्या ताण्याची साडी कुणाकडं गेली, हे लिवल्याबिगर साडी उंबऱ्याभायेर जाईत न्हाय. एकीचा रंग उतरला, तर त्या ताण्याच्या बाकीच्या कुणाकडं हाईत, कळाय नको? आम्ही अडाणी, बाई. तुम्ही तर शाळेत शिकवलंय."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. मी उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि फोन लावायला सुरुवात केली. कुठली पुडी कुणाकडे ते माहीत नाही, म्हणजे सगळ्याच जणींना सांगायला हवं. हळदीकुंकवाच्या दिवशी कोण कोण आल्या होत्या ते आठवून आठवून नावं लिहिली. प्रत्येकीला तेच वाक्य: मी दिलेल्या बियांचा दुधी आला असेल तर खाऊ नका, वेल उपटून टाका. कुणी हसलं, कुणी पुडी अजून देवघरात आहे म्हणालं. एकीनं, "आम्ही परवाच कोफ्ते केले," म्हटलं आणि मी चव कशी होती ते दोनदा विचारून घेतलं; तिचे गोड होते. संध्याकाळपर्यंत वीस झाल्या. एकविसावी सांबऱ्याची, कुणाच्या तरी सोबत पाहुणी म्हणून आलेली, तिचा नंबर कुणाकडेच नव्हता. दुसऱ्या दिवशी आजोबा आणि मी सांबऱ्याला जाऊन घर शोधलं. तिच्या अंगणातल्या वेलाला नुकती बोटाएवढी फळं धरली होती. तिच्या देखत आम्ही तो मुळासकट काढला.

आक्काच्या मालकांना तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. ते बारीक होऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, आता बीपीची गोळीच बरी."

गोड दुधीच्या पोटात कडू बी कसं आलं, ते भिंतीपलीकडे गेल्यावर कळलं. शेजारच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तंबोऱ्यासाठी भोपळा लावला होता. मिरजेहून आणलेलं बी, खायचं नव्हे, कडूच असतं ते. दोन वर्षं त्याची पांढरी फुलं आमच्या भिंतीवर संध्याकाळी उमलत होती. मी ती पाहिली होती. भिंतीपलीकडचं म्हणून वहीत घेतली नव्हती. तिकडचा पराग इकडच्या फुलावर आणणारा किडा भिंत मानत नाही. आता माझ्या नकाशात शेजारचं अंगणही आहे, आणि बियाण्यासाठी राखायचं फूल मी उमलायच्या आधी दोऱ्यानं बांधते आणि आपल्याच वेलाचा पराग त्याला हातानं लावते.

पुढच्या संक्रांतीला मी पुन्हा बीच दिलं, अशा बांधलेल्या फुलांचं. आजोबा नको म्हणत होते. कुंकवाच्या करंड्याशेजारी वही उघडी ठेवली, 'कोणाला' हा नवा रकाना आखून. आक्का येईल की नाही याची मला खात्री नव्हती. सगळ्या येऊन गेल्या, चहाचे कप विसळून झाले, तेव्हा ती आली. ताटात एकच पुडी उरली होती. तिनं ती उचलली, पेन माझ्याकडून घेतलं आणि स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, कन्नड अक्षरांत, कारण शाळा तिची त्या भाषेतली.

"पहिला दुधी हितं घिऊन यीन," ती म्हणाली. "तुम्ही खायचा. मी बघत बसनार."

ती खरंच आली, एप्रिलमध्ये, दुधी पदराखाली धरून. स्वयंपाकघरात मी फोड कापली. ती दारात उभी राहिली, हसली नाही, बसलीही नाही. मी चावली, गिळली, आणखी एक चावली.

"लिवा," आक्का म्हणाली.

मी लिहिलं: गोड.