बिनबटणांचे बत्तीस कोट

"बटणं कुठायत गं?"

"कसली बटणं, मावशी?"

"माझ्या दातांची! कोटाची विचारतेय. हा बघ. आणि हा. ह्यालाही नाही."

वखारवाल्या शेटच्या घरची मोलकरीण पोत्याचं तोंड मुठीत धरून उभी राहिली. "बाईसाहेबांनी काढून घेतली. म्हणाल्या, द्यायचे कोट आहेत, बटणं कशाला?"

टोचणी मटकन खाली बसली. टोचणी हे काही तिचं बाप्तिस्म्याचं नाव नव्हे. सुई चालवते आणि जीभही, म्हणून पडलेलं. चर्चच्या तळघरात तिची मशीन होती. खोलीच्या बदल्यात गोरगरिबांसाठी आलेले जुने कपडे शिवून, ठिगळून द्यायचे आणि उरल्या वेळात पोटापाण्याची शिलाई करायची. वीस वर्षं हेच चाललं होतं.

तिनं एक कोट उलटा करून पाहिला. दोरा आतून, पात्यानं, अगदी सफाईनं कापला होता. ही सफाई तिच्या ओळखीची होती. तरुणपणी एका बड्या घरी कामाला असताना मालकिणीच्या सांगण्यावरून तिनंच अशी बटणं कापली होती. पत्र्याचा डबा काठोकाठ भरला. त्यातलं एकही बटण कधी कुठं लागलं नाही. मालकीण गेली आणि डबा भंगारात गेला. ते आठवलं की टोचणीला स्वतःच्याच मुस्काटात मारावंसं वाटायचं.

तेवढ्यात जिन्यावरून खोकला उतरत आला. मागोमाग हमाल. काल चर्चमध्ये पाळकांनी शेटनी दिलेल्या बत्तीस कोटांची घोषणा केली, तेव्हा शेवटच्या बाकावरून खोकत खोकत सगळ्यात जोरात टाळ्या ह्यानंच वाजवल्या होत्या. दोन हिवाळे त्याच्या छातीनं कसेबसे काढले होते. तिसरा निघेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

त्यानं कोट चढवला, खिशातून सुतळी काढली आणि पोटावर गाठ मारली. "झालं की, ताई."

"पोतं आहेस का तू, तोंड बांधायला?"

"चालतंय. शेट काल बोलले ना, देव ज्याच्यावर राजी त्याचं कोठार भरतो. ज्याचं रिकामं, त्यानं आपला विश्वास तपासावा. आपलाच कमी पडत असेल कुठंतरी."

टोचणीचं डोकं फिरलं. माणसानं उघडं राहायचं ते राहायचं, वर अपराधही स्वतःच्याच माथी मारून घ्यायचा! तिनं सुतळी कात्रीनं कापली, कोट त्याच्या अंगावरून ओढून काढला आणि तशीच भर दुपारी शेटच्या घरी पोचली.

शेट जेवायला बसले होते. शेजारी पाळक. तिनं कोट ताटांच्या मधोमध टाकला.

"घालून दाखवा, शेट. आणि दारात उभं राहून प्रार्थना म्हणा. बघू किती वेळ टिकतो तुमचा विश्वास."

"अगं, फुकटच्या वस्तूत खोट काढतेस?" बाईसाहेब उठल्या. "शिंगाची बटणं आहेत ती!"

"मग शिंगं ठेवा तुमच्याकडेच, शोभतात. बटणं द्या."

पाळकांना ठसका लागला. "बाई, जरा सबुरीनं. छपराचं काम शेट करून देताहेत."

"आणि त्या छपराखाली कोण बसणार? ज्याला डोकं टेकायला दगड नव्हता त्या प्रभूचं नाव घेता रोज, आणि जेवता कुणाच्या शेजारी?"

"हे बघ बाई," शेट हात न थांबवता म्हणाले, "आम्ही सांभाळतो, म्हणून देव आमच्या हाती देतो."

"सांभाळता कसले, दाबून ठेवता! छाती देवानं सगळ्यांना दिलीय आणि वारा तिथूनच आत शिरतो. मागच्या बाकावरचा तो खोकला तुम्हालाही ऐकू येतो. येतो ना?"

रस्सा निवत चालला होता. शेटनी वैतागून बायकोला खूण केली. बटणांचा पत्र्याचा डबा आला, ताटांजवळ आदळला.

"पाळकसाहेब," शेट म्हणाले, "येत्या रविवारी सांगून टाका. बटणंही दिली म्हणावं."

टोचणीनं कोट उचलला, डबा काखेत मारला. "सांगा की. लगेच उठून मी सांगते, कापली कोणी."

पाळकांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "असंच बोलणार असाल, तर त्या खोलीचा विचार करावा लागेल मला."

मशीन ठेवायला तिला दुसरी जागा नव्हती. तरी तिनं कमरेला लावलेली तळघराची किल्ली सोडली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "करा विचार. हात धुऊन करा."

हमाल तळघरात तसाच कुडकुडत बसला होता. तिनं कोट त्याच्या अंगावर चढवला, दुहेरी दोरा ओवला आणि गळ्याजवळचं बटण आधी लावलं. मग खालचं. मग त्याच्याही खालचं.

"हलू नकोस, टोचेन."

"खोली गेली म्हणतेस, मग बसणार कुठं?"

"चर्चच्या पायऱ्यांवर. देवाच्या आहेत, त्यांना किल्ली नसते. उद्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारेल, एवढ्या कोटांना बटणं का लावतेय म्हणून. मला तोंड आहे." तिनं दातानं दोरा तोडला. "पाचही लागली. घे श्वास. बसतोय ना नीट? आता मशीनला हात लाव, पण बेतानं. चाक माझ्याकडे दे."

पायरीवर मशीन टेकली. टोचणीनं पोतं ओढून जवळ घेतलं, पायानं डबा सरकवला आणि दुसरा कोट मांडीवर घेतला.