शबनमबाईंचा बोर्ड

शबनम मुजावर बाई रागावल्या की ओरडत नाहीत, पदर खोचून खडू उचलतात. शिवाजी पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत शिकवण्यात त्यांची हयात गेली, पण गेल्या साली आला तसा राग कधी आला नव्हता.

रस्त्यापलीकडं विजयसिंह नावाच्या बड्या असामीची इंग्रजी शाळा. बाईंनी पहिलीपासून घडवलेली मुबशिरा पाचवीच्या स्कॉलरशिपला बसली, आणि निकाल लागायच्या आत या गृहस्थानं तिला फुकट प्रवेश देऊन उचललं. पोरगी गुणवत्ता यादीत आली. लगेच फाटकावर भलामोठा डिजिटल बोर्ड लागला, त्यात पोरगी कोपऱ्यात आणि साहेब मधोमध. वर सत्काराच्या भाषणात म्हणाले, "महापालिकेच्या शाळेत राहिली असती तर वाया गेली असती." बाई तिथं टाळ्या वाजवायला गेल्या होत्या.

"ह्याला पेठंत तोंड दाखवायला जागा ठेवत न्हाय," घरी येऊन त्या म्हणाल्या. त्यांचा नवरा, दिलदार, चहा पीत होता. "नका ठेवू की," म्हणाला.

संधी विजयसिंहांनीच धाडली. निकाल चकचकीत दिसावा म्हणून ते कच्च्या पोरांच्या हातात दाखला देऊन मोकळे व्हायचे. त्या साली संयोगिताची पाळी आली. "तुमची पोरगी ढ आहे," असं तिच्या आईला तोंडावर सांगितलेलं. आईनं ते रडत रडत फक्त बाईंच्या कानावर घातलं.

बाईंनी पोरीला आपल्या वर्गात घेतलं आणि पुढच्या बाकावर ओढलं. चार दिवसांत त्यांना उमगलं, हिला गणित येतं, इंग्रजीतला प्रश्नच कळत नव्हता. मराठीत विचारलं की भराभर सोडवायची. मग बाईंनी ना रविवार पाहिला ना सण. शिकवायला माया लागते, असं त्या नव्या शिक्षकांना नेहमी सांगत. आता कळलं, सूडानंही शिकवता येतं, आणि झकास येतं. संयोगिताचं एकेक उत्तर बरोबर आलं की त्या खिडकीतून पलीकडच्या फाटकाकडं बघायच्या.

संयोगिता स्कॉलरशिपच्या गुणवत्ता यादीत आली. बाईंनी त्या फाटकाच्या बरोबर समोर बोर्ड चढवला. वर पोरीचा फोटो, खाली ठळक अक्षरं: 'समोरच्या शाळेनं ढ म्हणून हाकललेली संयोगिता आज गुणवत्ता यादीत!' सकाळी पेठ गोळा झाली. लोक हसले, मोबाईलवर फोटो काढले. विजयसिंह गाडीतून उतरले, वाचलं, आणि त्यांचं तोंड पार उतरलं. बाईंच्या काळजाला गारवा मिळाला. असं सुख त्यांना कुठल्याच निकालानं दिलं नव्हतं.

तेवढ्यात संयोगिता दप्तर घेऊन आली. बोर्डाखाली उभी राहून तिनं सगळं वाचलं. दोन पोरं तिच्याकडं बघून काहीतरी कुजबुजली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मला ढ म्हणल्यालं तुमाला अन् आईलाच म्हाईत हुतं. आता समद्या पेठंला कळलं की."

बाईंनी मान वर करून बोर्ड पुन्हा वाचला. मुबशिराच्या बोर्डावर तरी तिला कुणी ढ म्हटलं नव्हतं. त्यांनी शाळेतून स्टूल आणलं, त्यावर चढल्या आणि बोर्डाची एक दोरी कापली.

फाटकातून विजयसिंह मोठ्यानं म्हणाले, "का हो बाई, भ्यालासा व्हय?"

गर्दी थांबली. वर्षभर मनात धार लावून ठेवलेलं उत्तर बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"व्हय, भ्याले," म्हणाल्या, आणि दुसरी दोरी कापली.