उन्हावरची बोट
मिस्त्रीच्या बायकोला डिझेलचा वास सोसत नसे आणि मिस्त्रीचा सगळा जन्म डिझेलात गेलेला. धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करून तो घरी आला की ती आधी त्याला न्हाणीघरात पिटाळायची, मगच चहा टाकायची. संसार टिकला तो निम्मा साबणाच्या भरवशावर.

तिची थोरली बहीण दूरच्या बेटावर दिलेली. तिकडे जायला डिझेलची लाँच, दुसरा मार्गच नाही. लग्नानंतर धाकटी एकदा गेली, तर इतकी ओकली की दोघांनी धरून उतरवावं लागलं. तेव्हापासून बहिणी फोनवरच भेटत. ही गोष्ट मिस्त्रीच्या मनाला फार लागलेली. काम सोडल्यावर त्याने मासेमारीची एक जुनी बोट घेतली, छपरावर सोलर पॅनेल बसवले, तळाशी बॅटऱ्या आणि मागे विजेची मोटर.

"ढग आले की काय, बॅटरी दाखवणार का आभाळाला?" धक्क्यावरचे लोक चिडवायचे.

"सावकाश जायचं," मिस्त्री सांगे. "वेग निम्मा केला की वीज निम्म्याहून कितीतरी कमी लागते."

बोलणं खरंच होतं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि भर समुद्रात बंद पडलेल्या बोटी याने उभ्या जन्मात कमी पाहिल्या नव्हत्या. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्याने बायकोच्या नकळत एक लहान डिझेल जनरेटर पुढच्या कप्प्यात दोरखंडांखाली दडवला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

निघायला कारणही तसंच होतं. थोरली अंथरुणाला खिळली होती आणि भाच्याचा निरोप आला होता, "मावशी, जमेल तितक्या लवकर ये."

पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं. धूर नाही, धडधड नाही. बायको पुढे बसून शेंगदाणे खात होती आणि मधूनच म्हणत होती, "अहो, पाण्याचा आवाज ऐकू येतो की हो!" मिस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी तेच आभाळ भरून आलं. त्याने वेग कमी केला, मग आणखी कमी केला. शेवटी बॅटऱ्या तळाला गेल्या तेव्हा एका खडकाच्या आडोशाला नांगर टाकला.

"उद्या ऊन पडेल," तो म्हणाला.

"आणि नाही पडलं तर?"

"मग परवा. लांबचा प्रवास होतो गं उन्हावर, मी खोटं नाही बोललो."

"होतो ना. पण पोचायचं कधी, ते ऊन ठरवणार." तिने पुढच्या कप्प्याकडे बोट केलं. "दोरखंडाखालचं ते काढा बाहेर."

मिस्त्रीचा चेहरा पडला. "तुला कसं कळलं?"

"निघाल्यापासून वास येतोय. त्याच्याशिवाय तुम्हाला धीर आला नसता, म्हणून गप्प बसले."

"एक दिवस थांबू. तुला त्रास होईल."

त्रासाची काळजी खरी होती, पण अर्धीच. उरलेला अर्धा त्याचा हट्ट होता. इतकी वर्षं मनाशी घोकलं होतं, हिला धुराशिवाय ताईकडे न्यायचं. तिने ते ओळखलं असावं. ती उठली, बादली घेतली आणि मांडीवर ठेवून बसली.

"ताई वाट बघतेय. मी ओकेन. तुम्ही लावा."

त्याने जनरेटरची दोरी ओढली. धूर निघाला, वीज मिळाली तशी मोटर पुन्हा फिरू लागली. बेट येईपर्यंत एक हात सुकाणूवर आणि एक हात तिच्या पाठीवर, असा तो उभा राहिला.

थोरलीने डोळे उघडून पाहिलं. "काय गं हा अवतार! आजारी मी आहे की तू?" दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्या. मग एकाच अंथरुणावर पडून बोलत राहिल्या, जेवढं थोरलीला बोलता आलं तेवढं. त्याच आठवड्यात थोरली गेली.

परतीच्या वाटेवर पुन्हा ढग आले, बॅटऱ्या पुन्हा तळाला गेल्या. मिस्त्री पुढच्या कप्प्याकडे वळला.

"राहू द्या," बायको म्हणाली. "बसू ऊन पडेपर्यंत. आता आपली वाट कोण बघतंय?"