उलटे मोजे

विंडसरमधल्या एका छोट्या कॉलेजात मी खेळाडूंचे कपडे धुते. फुटबॉलचे कोच आमच्या वसईचेच. बहुतेक वर्षी कप आमच्याकडेच येतो, पण कुठे आहेत सगळे कप असं विचारलं तर म्हणतात, "बेसमेंटमध्ये असतील, विंटर टायर्सच्या मागे." बोलायच्या आधी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळतात, वाक्य संपलं की सोडतात. त्यामुळे वाक्यं छोटीच.

त्यांचा एक नियम मात्र अख्ख्या टीमला पाठ आहे. मॅच झाली की मोजे सुलटे करून बास्केटमध्ये टाकायचे. उलटे सापडले तर पुढची मॅच बेंचवर.

सगळ्यात जास्त गोल मारणारा पोरगा हे कधीच करत नसे. मीच गुपचूप त्याचे मोजे सुलटे करायची. मोज्यांपायी कप कशाला घालवायचा?

सेमीफायनलनंतर मी लाँड्रीत गेले, तर कोच बास्केटपाशी आधीच उभे. हातात त्याचे उलटे मोजे.

फायनलभर पोरगा बेंचवर बसला. तरी एका गोलने जिंकलो.

कोच कप घेऊन थेट लाँड्रीत आले. दोरी गुंडाळली. "ताई, त्याला मी नाही बसवला, तुम्ही बसवलात. पहिल्यांदाच सांगितलं असतंत तर त्याची एक साधी मॅच बुडाली असती."

दोरी सोडून ते निघून गेले. मी बास्केट उघडली. सगळे मोजे सुलटे होते. बेंचवरच्याचे तर घडी घालून ठेवलेले.